गाडीतच ठेवा

सिस्टरने घालून दिलेली पद्धत नवख्या माणसाला उलटीच वाटायची. कुणाचं बोट कापलं, कुणाला ताप चढला, कुणाच्या पायात काच घुसली, तर त्याला हाताला धरून आत न्यायचं, बाकावर बसवायचं, पाणी विचारायचं. आणि ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याला मात्र दाराबाहेर ठेवायचं. ज्या गाडीतून आला त्या गाडीतच.

मग सिस्टर ॲप्रनचे खिसे सुया-पट्ट्यांनी भरून त्या गाडीत चढायची. टेम्पो असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो, गुडघ्यांवर बसून शीर शोधायची, सलाईन जोडायची, मोडलेल्या पायाला फळी बांधायची, रक्त वाहत असेल तिथे तळहाताने दाबून धरायची. वॉर्डातल्या मावशी सलाईनची बाटली उंच धरून मागे उभ्या असायच्या. त्या बुटक्या, म्हणून पायरीवर चढून. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स पाठीला पाठ लावून उभी राहायची, माणूस ह्या गाडीतून त्या गाडीत सरकवला जायचा आणि ॲम्ब्युलन्स खिंडीच्या रस्त्याला लागायची. दवाखान्याच्या फरशीला त्याची सावलीसुद्धा लागलेली नसायची.

डॉक्टरांना नेमका अशाच वेळी चहा लागे. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, मिशी अजून धड फुटायची होती. ते कप घेऊन खिडकीशी जात आणि बाहेरच्या गाडीकडे पाठ करून भिंतीला सांगितल्यासारखं म्हणत, "छातीच्या डाव्या बाजूला हवा जातेय का, ते कुणीतरी बघायला हवं." सिस्टर ते बघे. नंतर विचारलं तर दोघांनीही काही पाहिलेलं नसे, काही ऐकलेलं नसे.

हे नाटक कुणी हौसेने करत नव्हतं. एकेकाळी ह्याच दवाखान्याच्या डाव्या अंगाला अपघात विभाग होता. ऑपरेशन थिएटर होतं, रक्त साठवायचं कपाट होतं, पोट उघडून पुन्हा शिवणारे मोठे डॉक्टर होते. मग कुणीतरी वरून हिशेब केला की एवढ्याशा गावात वर्षाला येतात ती माणसं थोडी, त्यांच्यासाठी एवढा पसारा कशाला. थिएटरचे दिवे उतरवून नेले, कपाट नेलं, डॉक्टर गेले. खिंडीपलीकडच्या शहरात अपघातातल्या जखमींचं एक ट्रॉमा सेंटर आधीपासून होतं. दुसरं उभं राहिलं ते बरोबर त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. जागा तिथेच मोकळी होती म्हणे. आता दोन्ही इमारती एकमेकींच्या काचांत स्वतःला बघत उभ्या होत्या आणि खिंडीच्या अलीकडे बँडेज आणि सलाईन उरलं होतं.

जाताना मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरची समजूत घातली होती. हात रोज चालला तरच हात राहतो, ते म्हणाले. जिथे रोज दहा पोटं उघडली जातात तिथे अकरावा वाचतो. खोटं नव्हतं ते. त्या मोठ्या जागी पोचलेली माणसं खरंच जास्त वाचत. फक्त मोजदाद पोचलेल्यांचीच होई. जी खिंडीतच संपत ती कुठल्याच सेंटरच्या हिशेबात नसत.

त्यात तो नियम. अपघाताच्या जागेवरून थेट आलेल्याला सेंटरने नाही म्हणायचं नाही. पण दुसऱ्या दवाखान्यातून पाठवलेल्यासाठी आधी तिथे खाट नक्की व्हायला हवी, मगच गाडी फाटकातून आत. हाही नियम दुष्टपणाने केलेला नव्हता. लहान दवाखाने मरायला टेकलेले पेशंट न सांगता तिथे सोडून जात आणि सेंटरचे व्हरांडे भरून जात, म्हणून केलेला. पण त्याचा अर्थ एवढाच होत होता की माणूस एकदा इथल्या खाटेवर पडला, त्याचं नाव इथल्या कॉम्प्युटरात चढलं, की तो रस्त्यावरचा राहत नाही. तो "पाठवलेला" होतो. आणि पाठवलेल्याने वाट बघायची असते.

हे सिस्टरने दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि तिसऱ्यांदा दारातच आडवे हात पसरून उभी राहिली. गाडीतच ठेवा. तेव्हापासून ती पद्धत.

तिचा धाकटा भाऊ ह्यावरून तिची भारी टिंगल करायचा. त्याचं नाव टिल्लू. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून पडलेलं नाव, आणि आता दारातून वाकून आत यायचा तरी टिल्लूच. खिंडीच्या पायथ्याशी त्याचं टायरचं दुकान होतं. अवजड ट्रक चढ चढण्याआधी तिथे थांबत. तो म्हणायचा, "ताई, आपल्या दोघांचा धंदा एकच. गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही, रस्त्यावरच ठोकठाक करायची आणि पुढे ढकलायचं." सिस्टर त्याला लाटणं दाखवायची. तिची दीड वर्षाची लेक मात्र मामाच्या बाजूने हसायची. मामाच्या काळ्या बोटांचं तिला विलक्षण वेड. ड्यूटीवरून सिस्टर घरी यायची तेव्हा लेकीच्या गालावर ग्रीसचा ठसा असायचाच, आणि सिस्टरची आई म्हणायची की राहू दे, मामा येऊन गेल्याची पावती आहे ती.

त्या दिवशी दुपारी सिस्टर बाळंतिणीच्या खोलीत होती. पहिलटकरीण, घाबरलेली, आणि बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. अशा वेळी हात काढून घेता येत नाही. ती बाईला समजावत होती, श्वास धर, आता सोड, शहाणी माझी ती, आणि बाहेर टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज तिने ऐकला. ऐकून सोडून दिला. मावशी होत्या बाहेर. मावशींना सांगावं लागत नसे.

टेम्पोच्या फळीवर टिल्लू होता. ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग निसटून उडाली होती आणि त्याच्या पोटावर बसली होती. कापलं कुठेच नव्हतं. बरगड्यांखाली लाल पट्टा तेवढा उमटलेला. तो शुद्धीवर होता, बोलत होता, वर मावशींना म्हणाला की एवढ्या टायरांची हवा काढली, आज त्यांनी माझी काढली. फक्त घाम फार होता आणि गुडघे पोटाशी घेऊन तो कुशीवर वळला होता. भोवती बाजारातली गर्दी जमली. कुणीतरी त्याच्या शर्टाची बटणं सोडली, कुणी लांबूनच सल्ले देऊ लागलं, एकजण मोबाईल वर करून उभा राहिला.

मावशींनी इतकी वर्षं परक्यांना त्या फळीवर झोपलेलं पाहिलं होतं. असं का, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण हा सिस्टरचा भाऊ. दिवाणखान्यात बसवून ज्याला चहा द्यायचा, तो असा उघड्या अंगाने रस्त्यावर, आणि लोक तमाशा बघितल्यासारखे बघतायत. मावशींचा जीव कळवळला. इतरांसाठी ठीक आहे, त्यांना वाटलं, पण घरच्या माणसाला कुणी दाराबाहेर ठेवतं का. त्यांनी स्ट्रेचर मागवला. टिल्लूला आत घेतलं. खिडकीजवळची खाट, जी तपासणीला वरचे लोक यायचे तेव्हा दाखवायला राखून ठेवलेली असे, तिच्यावर कोरी चादर घातली. त्याचे पाय खाटेच्या बाहेर आले म्हणून पुढे स्टूल लावलं, स्टुलावर उशी. सिस्टरला हाक मारली नाही. तिच्या हातात बाळाचं डोकं आहे, ह्या वेळी हात थरथरायला नको, असा विचार केला. विचार चांगलाच होता.

आणि केसपेपरच्या खिडकीतला कारकून, ज्याला सगळा दवाखाना कासव म्हणायचा, जो एक नाव चढवायला एक दुपार घ्यायचा, तो सिस्टरचा भाऊ म्हटल्यावर खुर्चीतून उठला. स्वतः खाटेपाशी आला, वय विचारलं, पत्ता त्याला ठाऊकच होता, आणि नाव चढवून मोकळा झाला. आयुष्यात पहिल्यांदा एवढी तत्परता दाखवली त्याने. आपल्या माणसाला ताटकळावं लागू नये म्हणून.

बाळ रडलं. मुलगी होती. सिस्टरने ती आईच्या छातीवर ठेवली, नाळ बांधली, हात धुतले आणि पदराने घाम पुसत बाहेर आली. वॉर्डाच्या टोकाला, स्टुलावरच्या उशीवर, तिला ओळखीची पावलं दिसली.

तिने आधी चादरीकडे पाहिलं. घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मग त्याच्या ओठांकडे. मग मनगट हातात घेतलं. नाडी बारीक, दोऱ्यासारखी, आणि धावत सुटलेली. पोटावर हात ठेवला तर फळीवर ठेवल्यासारखा. आत रक्त साठत होतं. हे शिवणारे हात खिंडीपलीकडे होते. इथे ते थांबवण्यासारखं काही नव्हतं.

"नाव चढवलं?" तिने विचारलं.

"लगेच चढवलं सिस्टर, थांबवलं नाही अजिबात," मावशी अभिमानाने म्हणाल्या. आणि सिस्टरचा चेहरा पाहून त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या हळूहळू खाली आला.

सिस्टर सलाईनचा ट्रे आणायला वळली. बोलण्यात वेळ जातो. डॉक्टर आज चहा न घेता क्वार्टरवरून धावत आले, त्यांनी दोन्ही हातांत सलाईन लावली आणि फोन उचलला. कासव नाव पुसायला बसला. पुसलं जात नव्हतं. एकदा चढलेलं नाव शहरातल्या पडद्यावरही दिसतं, ते काढायला वरच्यांची परवानगी लागते, आणि वरचे जेवायला गेले होते. एका सेंटरने सांगितलं, खाट झाली की कळवतो, तोवर समोर विचारा. समोरच्यांनी सांगितलं, तुमचा भाग त्यांच्याकडे येतो, त्यांनी नाही म्हटल्याचं लेखी आणा. डॉक्टर आधी विनवत होते, मग भांडत होते, मग पुन्हा विनवत होते. त्यांचा आवाज चिरकला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतलं बाळ दचकून रडलं.

"काका, गाडी काढा," सिस्टर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला म्हणाली.

ड्रायव्हरकाका जुने. खाट नक्की नसताना गेलं की फाटकाबाहेर उभं करतात, हे त्यांनी भोगलेलं होतं. तसं ते म्हणालेही. पण म्हणता म्हणताच त्यांनी चावी फिरवली.

खिंडीत वळणं फार. प्रत्येक वळणाला सिस्टर स्वतःचं अंग मध्ये घालून टिल्लूला सावरत होती. लहानपणी त्याला असंच कडेवर घेऊन ती गल्लीभर हिंडायची. तेव्हा तिची कंबर एका बाजूला कायमची वाकली असं आई म्हणायची. त्याला तहान लागली होती. पाणी दे म्हणाला. ऑपरेशन व्हायचं तर पोटात पाणी नको, म्हणून तिने ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवला. त्याने कापूस चोखला. तान्ह्या मुलासारखा.

"ताई, गिऱ्हाईक आत घेतलंस शेवटी," तो म्हणाला.

"गप पड," ती म्हणाली.

"छान होती खाट." थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "पोरीला सांग, मामाचे हात आज धुतले."

खरंच धुतले होते. मावशींनी आत घेतल्यावर कोमट पाण्याने त्याची बोटं एकेक करून पुसली होती. सिस्टरने ती स्वच्छ, परक्यासारखी दिसणारी बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली आणि उतार लागला.

पहिल्या सेंटरच्या फाटकावर ती खोटं बोलली. रस्त्यावरून थेट आणलाय, म्हणाली. फाटकावरच्या माणसाने पडद्याकडे पाहिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. नाव होतं तिथे. दवाखान्याचं नाव होतं. खाली, वाट पाहणे. तो माणूस उर्मट नव्हता. त्याने लगेच आत फोन लावला आणि फोन कानाला लावून गाडीच्या खिडकीपाशीच उभा राहिला, जणू तेवढी तरी सोबत. आतून उत्तर येईना. काकांनी गाडी वळवून रस्ता ओलांडला. समोरच्या फाटकावर तोच पडदा, तेच नाव. तिथल्या काचेत पहिलं फाटक दिसत होतं, आणि तिथला तो माणूस अजून फोन कानाला लावून उभा होता.

काकांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. तेव्हा एक डॉक्टर मुलगी आतून पळत आली. सिस्टरपेक्षाही लहान, केस सुटलेले, बुटात मोजे नाहीत. तिने कुणाला काही विचारलं नाही. गाडीत चढली, गुडघ्यांवर बसली, आणि अगदी सिस्टर बसायची तशीच बसून नाडी शोधू लागली. मनगटावर, मग गळ्याशी. मग तिने त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबत राहिली, दाबत राहिली, घाम तिच्या हनुवटीवरून त्याच्या शर्टावर पडत राहिला. शेवटी सिस्टरनेच तिचे हात धरले. किती वेळ दाबायचं असतं ते दोघींनाही माहीत होतं.

"आत घ्यायला हवं होतं," डॉक्टर मुलगी रडत म्हणाली. ती आपल्या फाटकाबद्दल बोलत होती.

खाट मिळाल्याचा फोन परतीच्या वाटेवर खिंडीत आला. काकांनी तो घेतला, ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि मोबाईल बंद करून समोर ठेवला.

आई बरेच दिवस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची. नातीला मांडीवर घेऊन, तिचा गाल पदराने पुसत, जिथे आता पुसण्यासारखं काही नसायचं. त्याला तुमच्या दवाखान्यात आत घेतलं होतं ना? रस्त्यावर नाही ना पडला माझा टिल्लू? सिस्टर सांगायची, आत घेतलं होतं. खिडकीजवळची खाट होती. कोरी चादर होती. पायाखाली उशी दिली होती मावशींनी. आई मान हलवायची. "देव भलं करो त्या बाईचं," म्हणायची. तेवढ्यावर तिला थोडी झोप लागायची. म्हणून सिस्टर ते रोज सांगायची, नव्याने, एकही तपशील न गाळता.

ती ड्यूटीवर परतली तेव्हा लोक तिच्याशी हलक्या आवाजात बोलत होते. कासवाने बदलीचा अर्ज केला होता आणि तो मंजूर व्हायला त्याच्याच गतीने वेळ लागणार होता. डॉक्टरांनी शहराला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. इथे निदान रक्ताचं कपाट आणि एक सर्जन तरी परत द्या म्हणून. पोच आली होती. मावशी मात्र तिच्या नजरेला नजर देत नव्हत्या. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं कुणी. पण मावशी खुळ्या नव्हत्या.

दुपारी एक बाई आली. हातावर उकळतं पाणी सांडलेलं, कातडं सुटलेलं, ओढणीत हात गुंडाळून एकटीच चालत आलेली. असल्यांना आत घ्यायचं, हे सरळ होतं. पण आत कुणी आलं नाही म्हणून सिस्टर बघायला गेली, तर मावशी दारात बाहेर तोंड करून उभ्या होत्या. दोन्ही हात पसरून चौकटीला धरलेले. बाई उन्हात पायरीखाली उभी.

"मावशी, हिला आत घ्यायचं असतं," सिस्टर हळूच म्हणाली.

मावशींनी मान हलवली. "कुणाला घ्यायचं न् कुणाला नाही, मला आता कळत नाही, सिस्टर. मला नका विचारू." त्यांनी चौकट आणखी घट्ट धरली. "माझ्या हातून कुणी आत जाणार नाही."

सिस्टरने त्यांच्या खांद्याला धरलं. बाजूला करायला म्हणून धरलं होतं. सांगायचं होतं की तुमचा दोष नाही. पण ते शब्द खरे की खोटे हे तिचं तिलाच ठरवता येईना. मागे वॉर्डात खाटा रिकाम्या होत्या. ती वळून खाटांकडे बघायला गेली आणि बघवेना.

ती आत गेली, ट्रे घेऊन आली, मावशींच्या काखेखालून वाकून बाहेर पडली आणि पायरीवर बसली. बाईला शेजारी बसवलं. ओढणी पाण्याने भिजवून अलगद सोडवली. बाई कळवळली तेव्हा लेकीला घालते तशी फुंकर घातली. मावशींनी दार सोडलं नाही, पण थोड्या वेळाने त्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि त्यांची सावली बाईच्या डोक्यावर पडेल अशा उभ्या राहिल्या.

"आत जागा नाही का, सिस्टर?" बाईने विचारलं.

"जागा आहे," सिस्टर म्हणाली आणि पट्टीचा पुढचा वेढा घालू लागली.